डावा पाय

नवशिका माणूस गाडीत बसला की आधी स्टेअरिंग घट्ट धरतो. बोटांची पेरं पांढरी पडतात, खांदे कानांपर्यंत चढतात. खरी गडबड मात्र खाली, नजर पोचत नाही तिथे चाललेली असते. डावा पाय क्लचवर असतो आणि पोटरी थरथरत असते. ही थरथर भीतीची आहे असं शिकणाऱ्याला वाटतं, शेजारी बसलेल्या सरांनाही वाटतं. बऱ्याचदा ती सीटची असते. सीट मागे राहिलेली असते, क्लच पूर्ण दाबायला पाय ताणावा लागतो, टाच जमिनीवरून उचलली जाते आणि अख्ख्या पायाचं वजन अंगठ्यावर तोलून धरावं लागतं. असा अधांतरी धरलेला पाय कुणाचाही थरथरेल, पहिलवानाचासुद्धा.

म्हणून पहिला अर्धा तास इंजिन बंद ठेवून फक्त बसण्यात घालवला तरी तो वाया जात नाही. पाठ आणि कंबर सीटला पूर्ण टेकवायची. क्लच तळापर्यंत दाबायचा आणि तेव्हा गुडघा थोडा वाकलेला राहील इतकी सीट पुढे घ्यायची. मग पाठ न उचलता हात सरळ करून स्टेअरिंगच्या वरच्या कडेवर ठेवायचा. मनगट तिथे टेकलं पाहिजे. फक्त बोटं टेकत असतील तर सीटची पाठ आणखी उभी करायची. सीटची उंची कमी-जास्त करता येत नसेल आणि माणूस ठेंगणा असेल, तर खाली घट्ट उशी घ्यावी. उशी सरकणारी नको. आरसे यानंतर लावायचे, कारण सीट हलली की आरसे चुकतात. आतल्या आरशात मागची काच पूर्ण दिसावी, बाहेरच्या आरशात आपल्या गाडीची अगदी बारीक पट्टी आणि बाकी रस्ता. पायात चप्पल नको. आपल्याकडे उन्हाळ्यामुळे सगळं गाव चपलेवर असतं, पण मागे पट्टा नसलेली चप्पल घसरून ब्रेकखाली गेली की ब्रेक दाबलाच जात नाही. पातळ तळव्याचे बूट घालावेत, तळव्याला पेडल कळलं पाहिजे. ओढणी असेल तर ती हँडब्रेकपासून लांब, गाठ मारून.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे ड्रायव्हिंग स्कूलने खाजगी वापराची गाडी शिकवताना किमान २१ दिवस आणि प्रत्यक्ष गाडी चालवण्याचे किमान १० तास द्यायचे असतात. रोज अर्धा तास धरला तर २१ दिवसांचे साडेदहा तास होतात, म्हणजे हिशेब कसाबसा जुळतो. त्याच नियमांनुसार ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला दुहेरी कंट्रोल असतो. शिकवणाऱ्याच्या पायाखालीही क्लच आणि ब्रेक असतात. ही सोय जीव वाचवणारी आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण याच सोयीमुळे कितीतरी लोकांचे १० तास त्यांचे राहत नाहीत. गर्दी आली की सर गुपचूप क्लच दाबतात, वळणावर अर्धा ब्रेक तेच लावतात, चढावर गाडी तेच उचलतात. विद्यार्थी स्टेअरिंग फिरवत राहतो आणि त्याला वाटतं, जमलं. एकविसाव्या दिवशी तो हसत घरी जातो, बाविसाव्या दिवशी घरची गाडी काढतो आणि फाटकातच ती चार वेळा बंद पडते. मग "मला गाडी येतच नाही" असं ठरवून लोक वर्षानुवर्षं चावीला हात लावत नाहीत. दोष त्यांच्या हिमतीचा नसतो. त्यांना ते कधी करूच दिलेलं नसतं.

यावर उपाय साधा आहे आणि तो शिकणाऱ्याच्या हातात आहे. प्रत्येक वेळी गाडी थांबली की विचारायचं, "सर, आत्ता ब्रेक तुम्ही दाबला की मी?" पहिल्या दिवसापासून विचारायचं, न लाजता. चांगला शिकवणारा याचा राग मानत नाही. उलट तो पाय काढून दाखवतो.

क्लच म्हणजे नक्की काय हे गाडी हलवण्याआधी समजलं तर अर्धी धडधड कमी होते. इंजिन स्वस्थ चालत असतानाही मिनिटाला साधारण ८०० फेरे घेत असतं. चाकं उभी असतात. फिरणारं इंजिन आणि उभी चाकं यांची गाठ घालून देणारी जागा म्हणजे क्लच. इंजिनाच्या जड चाकावर, म्हणजे फ्लायव्हीलवर, क्लच प्लेट दाबली जाते. पेडल दाबलं की प्लेट सुटते, पेडल सोडलं की चिकटते. पेडल एकदम सोडलं तर फिरणाऱ्या इंजिनाला साताठशे-हजार किलोची उभी गाडी एका क्षणात ओढायची असते. ते त्याला झेपत नाही. गाडी एक झटका देते आणि बंद पडते. हळू सोडलं तर प्लेट आधी घासते, घासता घासता चाकांना वेग येतो आणि मग दोन्ही एकजीव होतात. घासण्याचा हा जो बोटभर पट्टा आहे त्याला आपल्याकडे सगळे हाफ क्लच म्हणतात. पहिल्या १० तासांतले निदान तीन या बोटभर जागेला द्यावेत असं माझं मत आहे.

सोलापूरच्या माणसाला हे पटायला अवघड जाऊ नये. खड्ड्याच्या हातमागावर बसलेल्या विणकराचे पाय खाली पावड्यांवर असतात आणि हात वर आडवं सूत नेणाऱ्या धोट्यावर. पायाने सूत उघडतं, हाताने धोटा जातो, आणि पायाची वेळ चुकली तर हात कितीही चपळ असला तरी उपयोग नाही. विणकर पायाकडे बघत नाही. त्याच्या पायाला ते माहीत असतं. गाडीतही पायाला माहीत व्हायला हवं, आणि ते डोळ्यांनी बघून होत नाही, पुन्हा पुन्हा करून होतं.

सराव असा करावा. सपाट, मोकळा रस्ता. इंजिन चालू, डावा पाय क्लच तळापर्यंत, उजवा पाय ब्रेकवर, पहिला गियर. हँडब्रेक सोडा. आता ब्रेकवरून पाय काढा, पण रेस देऊ नका. ॲक्सिलरेटरला हातसुद्धा नको, पाय तर नाहीच. टाच जमिनीवर टेकवून क्लच अगदी हळू वर येऊ द्या. एका जागी इंजिनाचा आवाज बदलतो, जरा खोल जातो, आणि गाडीचं नाक किंचित उठतं. तिथे पाय थांबवा. थांबवा म्हणजे खरंच थांबवा, दोन आकडे मोजा. गाडी आपोआप सरकू लागते. ती सरळ चालू लागली की उरलेला क्लच सोडा. हल्लीच्या पेट्रोल गाड्या रेस न देताही सपाटीवर चालतात. हिशेब करून बघा. छोट्या गाडीत पहिल्या गियरला इंजिनाचे जवळपास १५ फेरे झाले की चाकाचा एक होतो, चाकाचा घेर पावणेदोन मीटरच्या आसपास, म्हणजे ८०० फेऱ्यांना ताशी साडेपाच किलोमीटर. माणूस झपझप चालतो तेवढाच वेग. या वेगात भिंतसुद्धा हळूच येते.

हे वीस वेळा करा. थांबा, पुन्हा करा. एकविसाव्या वेळी रेस द्यायला सुरुवात करा, तीही आवाज जरासा चढेल इतकीच. खिडकी उघडी आणि गाणी बंद. एसीसुद्धा बंद ठेवावा. छोट्या इंजिनावर त्याचा भार पडतो आणि त्याच्या घोंघाटात इंजिनाचा बदललेला सूर ऐकू येत नाही. नवशिक्याचा खरा मीटर तो सूर असतो.

शिकवणारे बहुतेक वेळा "सोड, सोड, हळूहळू सोड" एवढंच सांगतात. या गावात ते तीन भाषांत सांगितलं जातं. तेलुगू घरातली ताई असेल तर "मेल्लगा", आणि मराठी व कन्नड बोलणाऱ्या दोघांनाही "सावकाश" चालतं, शब्द इकडे-तिकडे एकच. पण सावकाश म्हणजे किती, हे कुणी सांगत नाही. तळापासून पकड येईपर्यंतचा प्रवास पटकन केला तरी चालतो, तिथे काहीच होत नसतं. सावकाशी फक्त त्या बोटभर पट्ट्यात हवी. घाबरलेला माणूस नेमकं उलटं करतो. सुरुवातीला फार हळू जातो, आणि गाडी हलली की सुटका झाल्यासारखा पाय काढून घेतो. झटका तिथे बसतो.

गाडी बंद पडणं हा नवशिक्याचा सगळ्यात मोठा धसका. त्यामागे खरं दुःख हॉर्नचं असतं. मागे पाच दुचाकी आणि एक रिक्षा, सगळे एकदम वाजवतात, आणि डोकं रिकामं होतं. म्हणून बंद पडल्यावर काय करायचं त्याचा वेगळा सराव हवा. रिकाम्या रस्त्यावर मुद्दाम क्लच सोडून गाडी दहा वेळा बंद पाडा. प्रत्येक वेळी तोच क्रम: ब्रेक, क्लच तळाला, न्यूट्रल, सेल्फ, पहिला गियर, निघा. सवय झाली की याला पाचेक सेकंद लागतात. चौकात हेच पाच सेकंद लागतील, मागच्याने कितीही वाजवलं तरी. बंद पडण्याची दुसरी सामान्य कारणं तीनच आहेत. पहिल्याऐवजी तिसरा गियर पडलेला असतो, हँडब्रेक ओढलेला राहिलेला असतो, किंवा थांबताना क्लच दाबायचा राहून जातो. गियर तिसरा पडतो तो मनगट आपल्याकडे ओढलं जातं म्हणून. पहिला टाकताना तळहात दांड्याच्या उजव्या बाजूला ठेवून डावीकडे ढकलत पुढे न्यावा, दुसरा तसाच डावीकडे दाबून मागे. मुठीत करकचून धरलेला दांडा जागा सापडू देत नाही.

हाफ क्लचवर प्रेम जडणंही वाईट. गाडी चालू लागल्यावर पाय पेडलवरून पूर्ण काढून बाजूला जमिनीवर ठेवायचा. नुसता टेकवून ठेवला तरी आतलं बेअरिंग झिजतं, आणि प्लेट जळू लागली की करपट, तिखट वास येतो. तो वास आला की गाडी बाजूला घेऊन दहा मिनिटं थांबा.

उजव्या पायाचं काम सोपं वाटतं आणि सगळ्यात मोठा अपघात तिथेच दडलेला असतो: ब्रेकच्या जागी ॲक्सिलरेटर दाबला जाणं. हे होतं ते पाय उचलून इकडून तिकडे नेण्याच्या सवयीमुळे. टाच ब्रेकच्या समोर जमिनीवर ठेवायची आणि ॲक्सिलरेटरसाठी फक्त पुढचा पंजा उजवीकडे वळवायचा. मग घाबरल्यावर पंजा सरळ झाला की तो ब्रेकवरच पडतो. इंजिन बंद ठेवून शेजारच्याला मधूनच "ब्रेक" म्हणायला सांगा आणि पन्नास वेळा करा. कंटाळवाणं आहे, पण हाच सराव पुढे वेळेला उपयोगी पडतो.

थांबताना नवशिके आधी क्लच दाबतात. मग इंजिनाची ओढ सुटते आणि गाडी मोकळी धावत राहते. आधी ब्रेक, वेग बराच उतरून गाडी घरघरायला लागली की क्लच. आणि अगदी थांबता थांबता ब्रेकवरचा दाब केसभर कमी करायचा, म्हणजे मागे बसलेल्या आजींची मान हलत नाही.

गाडी सरळ जात नाही, डोलते, ही तक्रार चौथ्या-पाचव्या दिवशी येते. हात दोषी धरले जातात. चूक डोळ्यांची असते. घाबरलेला माणूस बॉनेटच्या पुढच्या दहा फुटांत बघतो, आणि तिथली प्रत्येक भेग त्याला वळवते. ताशी ४० किलोमीटरला गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. धोका दिसून पाय हलेपर्यंत एक सेकंद जातो, म्हणजे ११ मीटर तसेच गेले. मग कोरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक लावून आणखी ९ मीटर. एकूण वीस. ताशी ६० ला हाच आकडा ३६-३७ वर जातो. दहा फुटांत बघणारा माणूस जे होऊन गेलंय तेच बघत असतो. नजर निदान पुढच्या विजेच्या खांबापलीकडे ठेवली की स्टेअरिंग आपोआप शांत होतं.

डावी बाजू कळत नाही ही दुसरी तक्रार. बरोबरच आहे. चालक उजवीकडे बसतो, डावं चाक त्याच्यापासून चार-साडेचार फूट लांब आणि आड. अंदाज असा बसवा: गाडी रस्त्याच्या डाव्या कडेला एक फूट सोडून कुणाकडून तरी उभी करून घ्या, आपल्या सीटवर बसा, आणि ती कड बॉनेटला कुठे छेदताना दिसते ते बघा. बऱ्याच गाड्यांत ती काचेच्या तळाशी मधोमध आल्यासारखी दिसते. तिथे आतून कागदाची छोटी चिकटपट्टी लावा. मग रिकाम्या रस्त्यावर चहाचा कागदी कप उलटा ठेवून तो डाव्या चाकाखाली आणण्याचा प्रयत्न करा. पहिल्या दिवशी एकही कप चिरडत नाही. तिसऱ्या दिवशी दहातले सहा चिरडले की डावी बाजू आली. (कप उचलून घरी न्यावेत, रस्त्यावर सोडू नयेत.)

आपल्याकडे गाडी शिकायला येणारे बहुतेक जण आधी स्कूटर चालवणारे असतात, बायका तर हमखास. त्यांना वाटतं आपल्याला काहीच येत नाही. वास्तविक रस्ता वाचणं त्यांना चांगलं येतं. कोणता रिक्षावाला न सांगता थांबणार, कोणत्या गल्लीतून सायकल बाहेर येणार, हे त्यांना पाठ असतं, आणि चार भिंतींत शिकवून हे येत नाही. त्यांना सोडायच्या आहेत त्या दोन सवयी: घाबरल्यावर हाताने ब्रेक शोधणं, आणि दिसेल त्या फटीत शिरणं. बिनगियरच्या स्कूटरवर डावा हात ब्रेक मारतो, डावा पाय रिकामा असतो. गाडीत सगळा भार त्याच पायावर येतो. तो पाय नवखा आहे, इतकंच.

जागा आणि वेळ यांची निवड मन लावून करावी. जुळे सोलापुरातले वसाहतींमधले आतले रस्ते सकाळी सहा ते साडेसात शिकायला चांगले. उन्हाळ्यात नऊनंतर गाडीत बसवत नाही आणि घामाचे हात स्टेअरिंगवर घसरतात. नवी पेठ, मधला मारुती, टिळक चौक हा भाग पहिल्या २१ दिवसांत घेऊच नये. तिथे शिकणं होत नाही, नुसतं सुटणं होतं. काही शिकवणारे भीती मोडावी म्हणून तिसऱ्याच दिवशी बाजारात नेतात. मला ते अजिबात मान्य नाही. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, दिवसांत तर नंदीध्वजांच्या मिरवणुकीसाठी रस्ते वळवलेले असतात आणि माणसांना रस्ता हवा असतो. त्या तीन-चार दिवसांना सरळ सुट्टी द्यावी. ऊसतोडीच्या हंगामात हमरस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात. मागच्या ट्रॉलीला दिवा नसला तर अंधारात ती दिसतच नाही, त्यामुळे संध्याकाळचा तास गावाबाहेर नको.

चढाचा धडा आसरा पुलावर घ्यावा, रविवारी पहाटे. चढावर थांबा, हँडब्रेक पूर्ण ओढा, बटण दाबून धरा, पण सोडू नका. पहिला गियर, थोडी रेस, क्लच पकडीपर्यंत वर. नाक उठलं, मागचा भाग किंचित बसला, इंजिनाचा आवाज जड झाला की गाडी पुढे जायला तयार आहे. आता हँडब्रेक खाली. गाडी मागे जात नाही, जाऊच शकत नाही, कारण इंजिनाने तिला धरलंय. हे एकदा अंगाला कळलं की चढाचं भय कायमचं कमी होतं. घाईत उलटं केलं, म्हणजे पकड यायच्या आत हँडब्रेक सोडला, तर गाडी फूटभर मागे येते. अशा वेळी पुन्हा पायाचा ब्रेक दाबा, पहिल्यापासून सुरू करा.

रिव्हर्सला फारसं अवघड काही नाही. गाडी पूर्ण थांबलेली हवी, वेग फक्त हाफ क्लचने, मान वळवून मागच्या काचेतून बघायचं, स्टेअरिंग इंचाइंचाने. जिकडे मागचा भाग न्यायचा तिकडे स्टेअरिंग.

कागदपत्रांचं दोन ओळींत. शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं आणि मिळाल्यापासून ३० दिवसांनी पक्क्यासाठी परीक्षा देता येते. त्या काळात शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस हवा, आणि गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल 'एल'. पाटी किमान १८ सेंटिमीटर चौरस, अक्षर किमान १० सेंटिमीटर उंच. घरच्या गाडीवर सराव करतानाही ती लावावी. लोक ती लावायला लाजतात, पण ती बघून मागचा माणूस जरा अंतर ठेवतो, हॉर्नही कमी वाजवतो.

दहावा तास असा घ्यावा. सरांना दोन्ही पाय मागे, सीटखाली ओढून बसायला सांगा. बोलायचंही नाही, फक्त गरज पडली तर. सकाळी साडेसहाला जुळे सोलापुरातून निघा, आसरा पूल चढा, मधे एकदा मुद्दाम थांबून उठा, आणि सात रस्त्याच्या चौकात या. तिथे उजवीकडून फिरत येणाऱ्यांना आधी जाऊ द्या, दुसऱ्या गियरमध्ये चक्कर मारा, डावा इंडिकेटर देऊन बाहेर पडा आणि त्याच वाटेने परत. बंद पडली तर पाच सेकंद. घरी आलात की गाडी लिंबाच्या सावलीला लावा, पहिला गियर टाकून, हँडब्रेक ओढून, काच बोटभर उघडी ठेवून. दुपारी दोनला नाहीतर स्टेअरिंगला हात लावता येत नाही.